डिझर्टेशनला ह्यूम घ्यायचा की सोहिरोबा?

अठराव्या शतकात मनाला आणि भावनांना कशाकशाच्या उपमा दिल्या यावर लिहायचंय पण इंग्रजी बाजू धरू की आपली, असं विचारणारी मुलं पणजीत भेटतच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

इंग्रजीत माल भरपूर. तत्त्वज्ञ लॉकचं पुस्तक १६९० चं, पण पुढचं अख्खं शतक त्याच्यावर पोसलंय. मन म्हणजे कोरा कागद, नाहीतर बंद काळोखी खोली, उजेड यायला बारीकशी फट. कवी पोप १७३३-३४ मध्ये विवेकाला होकायंत्र म्हणतो आणि भावनेला वारा, म्हणजे वाराच पडला तर होकायंत्र घेऊन बसा समुद्रात. पण खरी मजा तत्त्वज्ञ ह्यूममध्ये (१७३९-४०). मन म्हणजे थिएटर हे त्याचं सगळेच कोट करतात, ते सोड. भावनांबद्दल तो म्हणतो की मन फुंकून वाजवायच्या वाद्यासारखं नाही, फुंक थांबली की सूर संपला असं होत नाही, ते तारेच्या वाद्यासारखं, छेडून झालं तरी नाद हळूहळू विरत जातो.

आता संतकवी सोहिरोबानाथ आंबिये (१७१४-१७९२), घराणं पेडण्याकडचं, राहणं बांद्याला. ‘अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे’ अभिषेकीबुवांच्या आवाजात आपल्याकडे कोणी ऐकलं नसेल असं वाटत नाही. इथे उजेडाला फट लागत नाही, दिवा आतच पेटलेला आहे, तू फक्त विझवू नकोस. त्याच पदात दोरीचा सापही आहे, म्हणजे भीती हा बघण्यातला घोटाळा, नीट दिसलं की साप गेला आणि भीतीपण गेली.

आणि इथेच दोघांचं खरं भांडण लावता येतं. दोरी आहे हे कळल्यावरही छाती थोडा वेळ धडधडतेच ना? ती धडधड ह्यूमच्या तारेत बसते, सोहिरोबांच्या दिव्यात बसत नाही. उलट भीती मुळात उगवली कुठून हे दिवा-दोरी जितकं सरळ सांगते तितकं तार नाही सांगत.

मी ह्यूमला मुख्य धरीन. कारण साधं आहे, दोरी-साप हा वेदांतातला जुनाच दाखला, त्याला अठराव्या शतकाचा म्हणून मिरवलंस तर व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येईल. तुझा विषय मराठी असेल तर मात्र उलटं कर, सोहिरोबा मुख्य आणि ह्यूमला एक चॅप्टर, फक्त पद नाथपंथाच्या आणि अद्वैताच्या अंगाने वाच, नुसतं ‘सुंदर प्रतिमा’ म्हणून पानं भरू नकोस.

संमोहनवाल्या आबे फारियाचा मोह बऱ्याच जणांना होतो, पणजीत पुतळाच आहे, कांदोळीचा माणूस, शिवाय माणसांच्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो हे मेस्मर या डॉक्टरचं म्हणणं त्याने साफ नाकारलं. पण त्याचं पुस्तक १८१९ चं, शतकाच्या बाहेर गेलं.