विषमतेवरची आयएसएसपीची प्रश्नावली: फुकट आहे, एकदा तरी वापरून बघा

समाजात वर कोण, खाली कोण आणि का ह्यावर भांडणारे पुष्कळ भेटतात पण लोकांना नीट बसवून विचारणारं क्वचितच कोणी, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. आयएसएसपी म्हणजे इंटरनॅशनल सोशल सर्व्हे प्रोग्रॅम, अनेक देशांत लोकांना तेच प्रश्न विचारणारा सर्व्हे, १९८४ पासून चालू आहे. विषमतेवरचे प्रश्न त्यांनी १९८७, १९९२, १९९९, २००९ आणि २०१९ असे पाच वेळा विचारले. डेटा जर्मनीतल्या गेसिस ह्या सामाजिक संशोधन संस्थेच्या साइटवर फुकट, फक्त नाव नोंदवायचं. स्टॅटिस्टिक्सची सॉफ्टवेअरं येत नसली तरी नुसती प्रश्नावलीची पीडीएफ वाचा.

मला सगळ्यात आवडला तो चित्रांचा प्रश्न. पाच आकृत्या असतात, पहिलीत वर मूठभर माणसं, मध्ये जवळपास कोणी नाही आणि खाली नुसती गर्दी, दुसरी सरळ पिरॅमिड, चौथीत बहुतेक लोक मध्ये, पाचवीत वरतीच जास्त. तुमचा देश आज ह्यातला कसा आहे आणि कसा असायला हवा असं विचारतात. मी ते पान प्रिंट काढून घरी दाखवलं तर बाबांनी दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं आणि भावाने पहिल्यावर, लहानपणापासून एकाच घरात राहिलेली माणसं! कसा असावा म्हटल्यावर मात्र दोघांचंही बोट चौथ्यावर. मला गलबलून आलं खरंच.

मग पुढचा प्रश्न, पुढे यायला काय लागतं, श्रीमंत घर, शिकलेले आईवडील, मेहनत, ओळखी, लाच वगैरे. बाबा मेहनतीवर ठाम. भाऊ म्हणाला, "बाबा, मेहनत तर सगळेच करतात हो." ह्याच डेटावरच्या अभ्यासात असं दिसलंय की जिथे दरी जास्त तिथे मेहनतीवरचा विश्वासही जास्त, त्यामागचं कारण असं मांडलंय की श्रीमंत आणि गरीब वेगळ्या वस्तीत राहतात, वेगळ्या शाळेत जातात, एकमेकांचं जगणं बघतच नाहीत. मला हे पटतं.

पगाराचे प्रश्नही भारी आहेत. २००९ च्या डेटावर ४० देशांचा एक अभ्यास २०१४ साली आला, त्यात अमेरिकेतल्या लोकांना वाटत होतं कंपनीच्या प्रमुखाला साध्या कामगाराच्या ३० पट मिळत असेल, ७ पट असावं अशी त्यांची इच्छा, आणि मोठ्या कंपन्यांतला खरा आकडा निघाला ३५४ पट.

कमी काय वाटलं तर उत्तरं आधीच ठरलेली असतात, माणूस स्वतःच्या शब्दांत "का" सांगतो ते त्यात मावत नाही. समाजात खालपासून वरपर्यंत दहा पायऱ्या धरून त्यावर स्वतःला बसवायला सांगतात तिथेही बहुतेक जण मधलीच पायरी धरतात, त्यामुळे त्या एका प्रश्नावरून कोणाबद्दल काही ठरवू नका. २०१९ ची प्रश्नावली घ्या, आणि निकाल वाचायच्या आधी घरच्यांना विचारा, एकदा आकडे कळले की उत्तरं बदलू शकतात.