दादरच्या वकिली सल्ला कार्यालयाचा अनुभव

विभक्त झाल्यावर बहिणीच्या नवऱ्याने दोघांच्या नावावर असलेल्या गोरेगावच्या फ्लॅटमधील स्वयंपाकघराचा ओटा आणि कपाटे फोडली, तेव्हा आम्ही दादरच्या एका वकिलांच्या कार्यालयात सल्ल्यासाठी गेलो. ‘घर त्याचेही आहे, मग गुन्हा कसला?’ हे नातेवाइकांकडून ऐकलेले वाक्य वकीलबाईंनी पहिल्या पाच मिनिटांतच खोडून काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मधील स्पष्टीकरणानुसार, स्वतःच्या व इतरांच्या सामाईक मालमत्तेचे नुकसान करणाऱ्यावरही आगळीकीचा, म्हणजे मालमत्तेची हानी केल्याच्या गुन्ह्याचा, आरोप येऊ शकतो; मात्र दुसऱ्याची गैरहानी, म्हणजे बेकायदेशीर नुकसान, करण्याचा उद्देश किंवा तशी जाणीव सिद्ध व्हावी लागते, आणि खरी कसोटी तिथेच असते. नुकसान २० हजार ते १ लाखाच्या आत असल्यास दोन वर्षांपर्यंत, तर १ लाख किंवा अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणूनच त्यांनी आधी तारखेसह फोटो, खरेदीच्या पावत्या आणि दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक मागितले.

फौजदारी तक्रारीने फ्लॅटची वाटणी होत नाही, त्यासाठी वेगळा मार्ग धरावा लागेल, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. शुल्क आधी कळवले नव्हते, ही माझी एकमेव तक्रार. शिवाय बसायची जागा इतकी अरुंद, की शेजारच्या अशिलाचे दुःखही आम्हाला ऐकावे लागले.