डबीवर ३० पट, हातात १० पट: कोळी बघायचं भिंग

गणपती उठल्यावर बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका दुकानातून ३४० रुपयांना घडीचं भिंग आणलं. डबीवर '३० पट' छापलेलं. घरी गच्चीत उन्हात धरलं आणि कागदावरचा उन्हाचा ठिपका अगदी बारीक झाला तेव्हा पट्टीनं अंतर मोजलं. अडीच सेंटिमीटर. २५ सेंटिमीटरला (साध्या डोळ्यांना नीट दिसायचं नेहमीचं अंतर) या अंतरानं भागलं की भिंगाची खरी ताकद कळते, म्हणजे हे १० पटच. खरंच ३० पट असतं तर वस्तू जेमतेम ८ मिलिमीटरवर धरावी लागली असती. दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो, "काका, बधामां एवुं ज लखेलुं आवे छे." म्हणजे सगळ्यांवर असंच लिहिलेलं येतं. बत्तीस वर्षं बँकेत कॅशवर काढलेल्या माणसाला हे ऐकवतो!

पण परत केलं नाही, कारण माझं काम त्यानं झालं. पावसाळा सरताना कमाटीबागेच्या हिरवळीवर सकाळी दवानं चमकणारी पसरट जाळी दिसतात. कडेला नरसाळं आणि त्याच्या तोंडाशी दबा धरून बसलेला कोळी. नातवानं मोबाईलवर शोधून "फनेल-वेब, विषारी!" अशी आरोळी ठोकली. अरे बाबा, तो सिडनीचा, आपल्याकडे नाहीच. मग हा कोण? असं नरसाळं अ‍ॅजेलेनिडी कुलातले कोळी विणतात आणि लांडगा कोळ्यांच्या कुलातली हिप्पासा प्रजातीही विणते. बाकीचे बहुतेक लांडगा कोळी जाळ्याच्या भानगडीतच पडत नाहीत. त्यामुळे नुसतं जाळं बघून माणूस फसतो. सिमोन या फ्रेंच कोळी-अभ्यासकानं तर १८८४ साली हिप्पासातल्या एका जातीचं नावच 'अ‍ॅजेलेनॉइडिस' ठेवलं, म्हणजे अ‍ॅजेलेनिडीतल्या अ‍ॅजेलेनासारखा.

सुपारीच्या पारदर्शक डबीत कोळी घेतला आणि आत कापसाचा बोळा सरकवून त्याला हलकेच झाकणाशी टेकवला. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि डबी जवळ आणायची, उलटं नाही. आधी नुसती करडी लव दिसली. मग एकदम डोळे: खाली चार बारीक एका ओळीत, वर दोन टपोरे, त्यामागे आणखी दोन. अ‍ॅजेलेनिडीत चार-चारच्या दोन ओळी असतात, म्हणजे हा लांडगा कोळी. पोटाच्या टोकाला सूत काढणाऱ्या नळ्यांची मागची जोडी लांब, दोन पेरांची. हिप्पासाच! पुढच्या आठवड्यात एक मादी अंड्यांची गोल पिशवी बुडाशी चिकटवून फिरताना दिसली, तीही लांडगा कोळ्यांचीच खूण.

जातीपर्यंत जायचं असेल तर हे घेऊ नका. त्यासाठी मादीच्या पोटाखालचे आणि नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांवरचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. शिवाय भिंगाच्या कडेला चित्र वाकडं दिसतं आणि बिजागरीचा स्क्रू महिन्याभरात ढिला झाला. चष्म्याच्या पेचकसानं दोनदा आवळलाय.

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्क्रूबद्दल कापला, एक छापील थापेबद्दल.