पाथ्स ऑफ ग्लोरी: दिवाळी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

हा खेळ घ्यावा का, असं आता बरेच जण विचारतात. माझं उत्तर: घ्या. पण तो कशासाठी घ्यायचा हे आधी ठरवा. दोन तासांत हार-जीत हवी असेल तर पैसे वाया जातील. युद्ध कसं चालतं आणि कुठे अडतं, हे हाताने करून बघायचं असेल तर यासारखा दुसरा खेळ माझ्या बघण्यात नाही.

'पाथ्स ऑफ ग्लोरी' हा पहिल्या महायुद्धावरचा दोघांचा वॉरगेम, म्हणजे पटावरचा युद्धखेळ. टेड रेसर यांनी तो रचला आणि जीएमटी गेम्सने 1999 मध्ये काढला. एका बाजूला जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि त्यांचे साथीदार, दुसऱ्या बाजूला ब्रिटन, फ्रान्स, रशिया वगैरे दोस्त राष्ट्रं. नकाशावर इंग्लिश खाडीपासून बगदादपर्यंतची ठिकाणं रेषांनी जोडलेली आहेत आणि त्यांवर पुठ्ठ्याचे छोटे चौकोनी काउंटर सरकवायचे. प्रत्येकाचा 55 पत्त्यांचा गठ्ठा. हातात 7 पत्ते आणि फेरीत 6 चाली.

खेळाचा सगळा जीव या पत्त्यांत आहे. एकच पत्ता चार कामांना येतो: सैन्य हलवा किंवा हल्ला करा, तुकड्या एका आघाडीवरून दुसरीकडे न्या, झालेली हानी भरून काढा, नाहीतर पत्त्यावर छापलेली घटना घडवा. चारांतलं एकच करता येतं. फ्रान्समध्ये हल्ल्याची संधी आहे, पण तोच पत्ता हानी भरायला वापरला नाही तर रशियाच्या आघाडीवरच्या मोडलेल्या फौजा तशाच राहतात. दर वेळी काहीतरी सोडावं लागतं. इतिहासाच्या पुस्तकात 'सेनापतीने आक्रमण लांबवले' असं वाक्य येतं तेव्हा आपण पुढे वाचत जातो. इथे ते लांबवणं आपल्याला करावं लागतं आणि त्याची किंमत समोर दिसते.

माझ्यासमोर बहुतेक वेळा शेजारचे आबा बसतात. निवृत्त सुभेदार, सगळी नोकरी लष्कराच्या रसद आणि वाहतूक दलात झालेली. नियम त्यांनी माझ्याआधी पचवले. सुरुवातीच्या एका डावात माझी जर्मन फौज रशियात खोलवर घुसली होती. आबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आरं, फौज पुढं गेली ते दिसतंय. मागं गाडी येतीय का ते बघ की." या खेळात प्रत्येक तुकडीपासून मागे रसदेच्या मूळ ठिकाणापर्यंत मोकळी वाट लागते. जर्मनांसाठी ती एसेन किंवा ब्रेस्लाउपर्यंत. वाट तुटली की ती फौज हलत नाही, हल्ला करत नाही, आणि फेरी संपेपर्यंत वाट जुळली नाही तर अख्खी आर्मी खेळातून कायमची बाद. शत्रूने एक गोळीही झाडायची गरज नाही.

हा एक नियम मनात मुरला आणि माझं वाचन बदललं. साताऱ्याचा वेढाच घ्या. अजिंक्यतारा आम्हाला रोज दिसतो. औरंगजेबाने 1699 च्या डिसेंबरात त्याला वेढा घातला आणि 1700 च्या एप्रिलमध्ये गड घेतला. सुरुंग उडाले, त्यात गडावरची माणसं गेली आणि मोगलांचीही गेली. मागोमाग सज्जनगड पडला. नकाशावर पाहिलं तर बादशहा जिंकतच चाललाय. पण गड घेणं वेगळं आणि सह्याद्रीतल्या पावसात, मराठ्यांच्या घोडदळाने वाटा कापलेल्या असताना तो राखणं वेगळं. काही वर्षांत गड परत आला आणि 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक आहे. बहुतेक खेळाडूंचं लक्ष फ्रान्स आणि रशियावर असतं, त्या कोपऱ्याकडे वळायला पत्तेच उरत नाहीत. खेळाच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण आमच्या जिल्ह्यासाठी तो कोपरा लहान नाही. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन तिथे तुर्कांशी लढायला गेली होती, तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. तिचा सेनापती जनरल टाउनशेंड बसऱ्याहून टायग्रिस नदीच्या काठाने वर वर जात राहिला, बगदादच्या अलीकडे टेसिफोनला नोव्हेंबर 1915 मध्ये अडला आणि मागे फिरून कुत-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात कोंडला गेला. सोडवायला आलेल्या फौजांनी जवळजवळ 23,000 माणसं गमावली, तरी वेढा फुटला नाही. 29 एप्रिल 1916 ला उपाशी फौजेने शरणागती पत्करली. सुमारे 13,000 जण कैदेत गेले आणि त्यांतले कित्येक परतले नाहीत.

कारण काय? बसऱ्याला धड धक्का नव्हता, रेल्वे नव्हती, नदीत चालणाऱ्या बोटी अपुऱ्या होत्या. फौज वर गेली, पण तिच्यामागून धान्य, दारूगोळा, दवाखाना त्या प्रमाणात गेला नाही. पुढे ब्रिटिशांच्याच जनरल मॉडने आधी बंदर, रेल्वे आणि बोटींची सोय लावली, मग तो निघाला, आणि 11 मार्च 1917 ला बगदाद पडलं. नदी तीच, रस्ता तोच.

साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात गेलेल्या 46 जणांची आठवण गाव आजही जपतं. ते कुठल्या कुठल्या आघाड्यांवर पडले असतील, ते नकाशावर शोधताना काउंटर उलटायला माझा हात जड होतो. काउंटर उलटला म्हणजे हजारो माणसं गेली. खेळ ते सांगत नाही, आपण लक्षात ठेवायचं. आबा तर हरलेली आर्मी डब्यात ठेवताना कधी घाई करत नाहीत.

युक्रेनच्या बातम्याही मी आता वेगळ्या ऐकतो. टीव्हीवर लाल बाण पुढे सरकतात आणि निवेदक किलोमीटर मोजतो. मी बाणाच्या शेपटीकडे बघतो. फेब्रुवारी 2022 मध्ये कीव्हच्या उत्तरेला रशियन वाहनांची सुमारे 64 किलोमीटरची रांग अडकून पडली, तेव्हा आबांना नवल वाटलं नाही. खेरसोनचं उदाहरण तर या खेळातलंच वाटावं: नीप्रो नदीवरचा अंतोनिव्का पूल 2022 च्या उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा रॉकेटांनी फोडला गेला, उजव्या काठावरच्या रशियन फौजेची रसद आटत गेली आणि नोव्हेंबरात ती काठ सोडून गेली. शहरात गल्लोगल्ली लढाई झालीच नाही. उलट बाखमुतला महिनोन् महिने माणसं आणि तोफगोळे ओतले गेले, रेषा जेमतेम हलली. तोफगोळे पुरत नाहीत ही तक्रार ब्रिटनमध्ये 1915 ला झाली होती, तीच शंभर वर्षांनी पुन्हा ऐकू आली. ड्रोनमुळे पुष्कळ काही बदललंय हे खरं, पण ड्रोनही आधी रस्त्यावरच्या ट्रकच शोधतात.

खेळात एक नियम सुरुवातीला जाचतो: फासा टाकून ठरतं की या फेरीत अमुक देशाने हल्ला केलाच पाहिजे, नाहीतर गुण जातात. आपली तयारी नसली तरी. पण राजधानीतला दबाव सेनापतीला असाच ढकलतो. टाउनशेंडलाही बगदादचा मोह वरूनच दाखवला गेला होता.

उणी बाजू. समुद्र जवळजवळ नाहीच. नाकेबंदी, पाणबुड्या हे सगळं पत्त्यांवर उरकलंय. 2023 च्या अखेरीपासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा ही उणीव मला फार जाणवली. मेसोपोटेमियासाठी आम्ही घरचा नियम केलाय: बसऱ्याहून पुढच्या प्रत्येक ठिकाणासाठी एक बोटीचा ठोकळा हवा, आणि ठोकळा मिळवायला एक पूर्ण पत्ता खर्चायचा. तेव्हापासून त्या कोपऱ्यात घाईने कोणी जात नाही.

वापराबद्दल थोडं. अख्खा डाव एका रविवारी संपत नाही, त्यामुळे न हलवता ठेवायला जागा लागते. आम्ही नकाशावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची शीट टाकतो. साताऱ्याच्या पावसात पुठ्ठा ओल धरतो, तेव्हा काउंटर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पत्त्यांना प्लॅस्टिकचे स्लीव्ह घाला. नियमपुस्तक एकदम वाचायच्या भानगडीत पडू नका. सोबतचा लहान सुरुवातीचा डाव आधी दोन-तीनदा खेळा, रसदेचं प्रकरण मात्र पहिल्या दिवशीच नीट वाचा. आणि समोर बसणारा माणूस खेळ विकत घेण्याआधीच ठरवा, कारण एकट्याने दोन्ही बाजू खेळता येतात, पण समोरच्याच्या हातात कुठला पत्ता आहे हे माहीत नसण्यातली धास्ती मग राहत नाही.