कोर्टाचा खर्च कुणाच्या माथी: टेक्सास की कॅलिफोर्निया?

टेक्सासमध्ये 254 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग. जिल्हा न्यायाधीशाचा मूळ पगार राज्य देतं. पण इमारत, कारकून, बेलिफ, गरीब आरोपीच्या वकिलाची फी यांचा बहुतेक भार काउंटीवर. पैसे मंजूर करतं ‘कमिशनर्स कोर्ट’, म्हणजे काउंटी जज (काउंटीचा निवडून आलेला प्रमुख) आणि चार कमिशनर. नाव कोर्ट, काम आपल्या स्थायी समितीचं! एक कारकून वाढवायचा, तर त्याच टेबलावर रस्त्याच्या खडीचाही विषय असतो. 2020च्या जनगणनेत लव्हिंग काउंटीत माणसं 64, ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत 47 लाख. कायदा एकच, तिजोऱ्या मात्र ज्याच्या त्याच्या.

कॅलिफोर्नियानं 1997च्या कायद्यानं मुख्य भार राज्याकडे घेतला. 2000च्या कायद्यानं कोर्टाचे कर्मचारी काउंटीचे राहिले नाहीत, 2002 नंतर इमारतीही राज्याकडे जाऊ लागल्या. मला हीच पद्धत जास्त पटते. न्याय पत्त्यावर अवलंबून नसावा. पण राज्याची तिजोरी आटली की सगळ्यांनाच चिमटा. 2013 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत कोर्टं बंद झाली, घर खाली करण्याचे दावे मोजक्याच ठिकाणी गेले. भाडेकरूनं बस बदलत तिथवर जायचं. टेक्सासचा कमिशनर निदान गावात गाठता तरी येतो.