चाळकेवाडीच्या सड्यावरची मुलांची निसर्गसहल: शिकवणं अव्वल, नियोजन कच्चं

अनुकूलन, म्हणजे परिसराला साजेसं शरीर आणि वागणं, म्हटलं की मुलं उंट आणि ध्रुवीय अस्वल घडाघडा सांगतात. माझी मुलगी चौथीत आहे, तीही सांगते. पण आपल्या आवारातल्या प्राण्याबद्दल विचारलं की गप्प. म्हणून साताऱ्यातल्या एका निसर्गगटाने मे महिन्यात चाळकेवाडीची सकाळची सहल काढली, तेव्हा लगेच तिचं नाव दिलं. माणशी 450 रुपये, त्यात गाडी आणि नाश्ता. पालकांनाही येता येत होतं, म्हणून मीही गेले.

सज्जनगड फाट्यावरून ठोसेघर ओलांडून वर गेलं की जांभ्या दगडाचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ पठार, लागतो. झाड जवळपास नाहीच, वारा मात्र भरपूर आणि पवनचक्क्यांची रांग. तिथे गटाच्या मार्गदर्शक दादांनी मुलांना खाली बसवलं आणि एका दगडाकडे बोट केलं. कुणालाच काही दिसेना. मग दगडाचाच एक तुकडा हलला! सरडा होता, मातकट, शेपूट सोडली तर बोटाएवढा. मान वर करून त्याने गळ्याखालची घडी फटकन उघडली: निळा, काळा, शेंदरी. पोरं ओरडायच्या आत घडी मिटलीसुद्धा. हा पंख्यासारख्या गळ्याचा सरडा, शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा.

दादांनी माहिती सांगितली नाही, प्रश्न विचारला. ‘‘एवढा भडक रंग घारीला दिसणार नाही का?’’

‘‘दिसेल की!’’

‘‘मग दाखवतो कशाला?’’

बराच वेळ चर्चा झाली. मादीला दाखवायला, दुसऱ्या नराला हुसकायला, हे मुलांनीच काढलं. काम झालं की मिटून टाकायचं, म्हणजे पुन्हा दगडाच्या रंगाचा, हे माझ्या लेकीने सांगितलं. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्यानंतरचा खेळ मला सगळ्यात आवडला. एकाने सरळ, सावकाश सरड्याकडे चालायचं. तो पळाला की थांबायचं आणि तो बसला होता तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. आधी पवनचक्क्यांखाली, मग गाडीने लांब, जिथे चक्क्या नाहीत तिथे. चक्क्यांखालचे सरडे जास्त जवळ येऊ देत होते. का? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावर हे अभ्यासलं, 2018 साली ते प्रसिद्ध झालं. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कमी दिसतात. चक्क्या नसलेल्या भागात ते जवळजवळ चौपट. शिकारी कमी, म्हणून सरडे जास्त आणि निर्धास्त. पण गर्दी वाढली की खाण्यासाठी चढाओढ, आणि तिथल्या नरांच्या गळ्याचे रंगही फिके आढळले. दादांनी बजावलं, ‘‘आपण एक सकाळ मोजलं, यावरून काही सिद्ध होत नाही.’’ हे मुलांना सांगणारा माणूस मिळणं अवघड.

आणखी एक गोष्ट त्यांनी नीट केली. एक मुलगा म्हणाला, सरड्याने लपायचं म्हणून रंग बदलला. ते म्हणाले, कुठल्या एका सरड्याने ठरवून काही केलेलं नाही. जे दगडात मिसळून गेले ते वाचले, त्यांची पिल्लं झाली, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आणि चक्क्यांखालचं हे धीट होणं पिढ्यांमध्ये पक्कं झालेलं अनुकूलन आहे की याच सरड्यांची सवय, हे नुसतं बघून सांगता येत नाही. एवढा फरक आमच्या वेळी शाळेत कुणी केला नव्हता.

टिटवीची अंडीही दिसली, गोट्यांत गोटे. मुलांना लांबच थांबवलं, तेही योग्यच.

आता तक्रार. एका मार्गदर्शकामागे तीस मुलं हे अजिबात चालणार नाही. मागच्या दहा-बारा जणांना पहिला सरडा दिसलाच नाही, आणि पुढची पळाली की सरडा बिळात. टेप एकच, त्यामुळे निम्मी मुलं नुसती उभी. नाश्ता दहा वाजता मिळाला, तोवर ऊन चढलेलं. सड्यावर मुलींसाठी स्वच्छतागृहाची काही सोय नव्हती. ठोसेघरला गाडी थांबवायला हवी होती. छापील तक्ते दिले होते, ते वाऱ्याने उडाले. त्यापेक्षा पुठ्ठ्याची पाटी द्या.

जायचं तर पावसाच्या आधी जा, नर गळ्याची घडी उघडताना दिसतात ते तेव्हाच. टोपी, पूर्ण पायाचे बूट आणि पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. नाव नोंदवताना मुलं किती हे आधी विचारा. बारा-पंधरांची तुकडी आणि दोन टेप असतील तर 450 काय, 600 देऊनही मी लेकीला पुन्हा पाठवीन.