गाडीचा शाफ्ट, कॉइल आणि माझे १,२६,८०० रुपये. नागपूरवाल्यांनो, वाचा

नाव टाकत नाहीये, वकिलाने हात जोडून सांगितलंय म्हणून, नाहीतर गॅरेजचा बोर्ड, मालकाचा फोटो आणि त्याच्या वहिनीच्या क्यूआर कोडसकट सगळं टाकलं असतं. वाडीच्या बाजूचं गॅरेज आहे, बाहेर चकाचक रंगवलेल्या जुन्या जीप उभ्या असतात (आता कळलं, त्या विकायला आलेल्या आहेत, याने बनवलेल्या नाहीत) आणि माणूस तोंडाने इतका गोड की चहा पाजल्याशिवाय पैशाचा विषय काढत नाही.

गाडी वडिलांची. जुनी महिंद्रा जीप, मागून पिकअप केलेली, काटोलला घरची संत्र्याची बाग आहे तिथे जाण्या-येण्याची. इंजिन नंतर बदललेलं, पेट्रोलच, आणि तो बदल आरसीवर रीतसर चढवलेला आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढे ज्याच्याकडे गेलो त्याने चोर असल्यासारखं मलाच हे विचारलं.

त्रास असा होता की या इंजिनचा एक्झॉस्ट बरोबर कॉइलच्या (स्पार्क प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) अंगावर येतो. मे महिन्यातलं नागपूरचं ४५ डिग्री, त्यात बॉनेटखालची भट्टी. गाडी गरम झाली की बंद, थंड होऊ दिली की पहिल्या सेल्फला चालू. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत ते लगेच ओळखतील, कॉइल आणि इग्निशन मॉड्यूल (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दोन्ही शिजून राहिले होते. ते उचलून फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर, दुसऱ्या बाजूला घ्यायचे होते. दुसरं काम शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं. गिअरबॉक्स वेगळा, त्यामुळे गिअरबॉक्सच्या फ्लँजची (बोल्टने जोडायची चकती) भोकं आणि प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजची भोकं जुळत नव्हती, मधे कोणीतरी जुगाडाची प्लेट टाकलेली होती, तर तिथे नीट अडॅप्टर आणि सेंटर बेअरिंगला (दोन तुकड्यांच्या शाफ्टला मधे आधार देणारं) नवीन ब्रॅकेट. बस एवढंच. चंद्रावर यान पाठवायचं नव्हतं.

पहिले ४०,००० अॅडव्हान्स. मग "भाऊ, अडॅप्टरचं किट बाहेरून येते, लोकल लावलं तर तुम्हीच शिव्या द्याल" म्हणून ३८,५००. मग लेथ आणि शाफ्ट बॅलन्सिंगचे १२,०००. शेवटी वायरिंगचे ९,७००. झाले १,००,२००. सगळे यूपीआयने, आणि खातं त्याचं नाही, वहिनीचं. "माझं खातं लिमिटला आलंय भाऊ." आता हे वाचून तुम्ही कपाळावर हात मारणार, मारा, पण मला सांगा नागपुरात कोणत्या गॅरेजवाल्याचा क्यूआर त्याच्याच नावाचा असतो? पानठेल्यापासून सगळीकडे बायको, भाऊ, मेव्हणा. पावती म्हणाल तर लेटरहेडच्या मागच्या बाजूला पेनने "काम चालू" लिहून दिलेलं.

आणि आता तो फोटो. याचा विचार केला की अजूनही डोकं सटकते. ३८,५०० मागायच्या आधी त्याने व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला, "भाऊ तुमची गाडी, कॉइल शिफ्ट झाली, बघा फिनिशिंग". फायरवॉलवर नवी कोरी कॉइल, बाजूला मॉड्यूल, खाली अॅल्युमिनियमची हीटसिंक, वायरी जाळीदार स्लीव्हमधे, क्लॅम्प एका अंतरावर. सुंदर काम, खरंच सुंदर. फक्त त्या फोटोत स्टिअरिंगचा दांडा फायरवॉलच्या दुसऱ्याच बाजूने खाली येत होता. म्हणजे गाडी लेफ्ट हँड ड्राइव्ह! आमची जीप काय अमेरिकेत जाऊन आली? कोणत्यातरी परदेशी ट्रकचा फोटो नेटवरून उचलून मला चिकटवला आणि मी वर अंगठा दाखवून पैसे टाकले. पण मी तेव्हा बहिणीच्या हळदीत होतो, हातात कॅटररचा हिशोब, डोक्यावर ऊन, मोबाईलच्या स्क्रीनवर काही दिसत नव्हतं, आणि माणूस फोटोत कॉइल बघायला सांगतो तर आपण कॉइलच बघतो, दांडा कोण बघतो? घरचे अजून ऐकवतात. त्यांना तोच फोटो दाखवला होता तेव्हा सगळे "वा वा" म्हणाले होते, ते कोणाला आठवत नाही. फोटो नको, व्हिडिओ कॉल करा आणि नंबर प्लेटपासून बॉनेटपर्यंत कॅमेरा न तोडता फिरवायला लावा.

गाडी हातात आली तेव्हा खालून काळा रंग मारलेला, चमकत होती. पन्नासच्या वर गेली की सीटखालून थरथर. त्याला फोन केला तर "नवीन आहे भाऊ, सेट होईल". फेटरीच्या पुढे काटोल रोडवर सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट तुटला, शाफ्ट खाली लोंबकळून पत्र्यावर आपटायला लागला. सोबत वडील होते. पुढच्या टोकाकडून सुटून रस्त्यात रुतला असता तर हे लिहायला मी नसतो.

टोचनचे ३,२०० देऊन दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली, त्याने रॅम्पवर घेतली आणि हसायलाच लागला. ब्रॅकेट म्हणजे लोखंडी पट्टी वाकवून क्रॉस मेंबरला टाचलेली, रबर बुश नाहीच. मागच्या शाफ्टच्या दोन टोकांचे योक (जॉइंट बसतो ते दुबेळके) एका रेषेत पाहिजेत, इथे एक उभा तर एक तिरका, तसंच वेल्डिंग मारलेलं, थरथर तिथूनच. बॅलन्सिंग केलेल्या शाफ्टवर बहुतेक वेळा वजनाच्या बारक्या पट्ट्या वेल्ड केलेल्या दिसतात, माझ्यावर फक्त रंग. आणि ३८,५०० चं किट? तीच जुनी जुगाडाची प्लेट, घासून रंगवलेली! कॉइल सरकवली होती खरी, पण मॉड्यूल कोणत्यातरी भंगारातलं, आणि अर्थिंगची वायर रंगावरच कसलेली, तिला करंट मिळणार कुठून. माझं चालू मॉड्यूल आणि चांगला फ्लँज गायब. हे सगळं नीट करायला २३,४०० लागले.

काढलेला प्रत्येक पार्ट परत मागा, भंगार असला तरी. द्यायच्या आधी पार्टवर पंचने खूण करा.

आता पोलिसांची कथा. ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले हा सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा. मी म्हटलं दुसऱ्याच गाडीचा फोटो पाठवून पैसे उकळले, पार्ट काढून घेतले, याला फसवणूक नाही तर काय म्हणतात, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? तर दुसऱ्या टेबलवरून आवाज, "पैसे तुम्ही घरून पाठवले ना, मग तुमच्या घराच्या ठाण्यात जा". तिथे गेलो तर "गॅरेज तिकडे, तिकडेच जा". झिरो एफआयआर म्हणून काही असते, हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हे मी त्यांना सांगायचं का? आणि कळस म्हणजे एकाने मलाच मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सुनावलं, परवानगीशिवाय गाडीत बदल केला तर एकेका बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, "तक्रार केली तर आधी तुमचीच गाडी जमा होईल". आरसी दाखवली, इंजिनची नोंद दाखवली, तर कॉइल हलवायची परवानगी कुठे म्हणे! कॉइल! आरटीओत विचारायला गेलो तर खिडकीवरच्या माणसाने फाइलमधून मान वर न करता एजंटकडे बोट दाखवलं. राजे हो, लुटणारा बाहेर चहा पिऊन राहिला आणि मी कागदं घेऊन फिरून राहिलो. मोडिफाय करणाऱ्यांना लुटणारे याच भीतीवर जगतात, हा माणूस तोंड उघडणार नाही हे त्यांना पक्कं माहीत असते. म्हणून तुमची कागदं आधी चोख ठेवा.

ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मधे ती सोय आहे. मी पाठवली आहे, पोचपावती जपून ठेवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली, कामाची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. आणि तुटलेला ब्रॅकेट, तो शाफ्ट मिस्त्रीला भंगारात देऊ नका, मी दोन्ही गोणपाटात बांधून ठेवलेत, मिस्त्रीकडून काय सापडलं ते सहीनिशी लिहून घेतलंय.

वाडीकडच्या गॅरेजमधे कोणी वहिनीच्या खात्यात पैसे टाकले असतील तर मेसेज करा. तोच लेफ्ट हँड ड्राइव्हवाला फोटो तुम्हालाही आला असेल तर चॅट डिलीट करू नका, एकापेक्षा जास्त ग्राहकांना आयोगात मिळून तक्रार करता येते आणि माझा वकील तुमचे वेगळे पैसे घेणार नाही असं बोललाय.